जन्मभूमीच्या भेटीस

पावसाळ्याच्या आरंभी आणि नाताळच्या सुट्टीत पुण्यात काही परदेशी कुटुंबे उतरतात. पाठीवरच्या पिशव्यांवरून आणि उन्हाने लाल झालेल्या मानांवरून ती पर्यटकांची वाटतात. परंतु त्यांचा पहिला दिवस शनिवारवाड्यात जात नाही. गौरवर्णी आईवडिलांच्या मध्ये एखाददुसरे सावळे मूल चालत असते, आणि वडिलांच्या हातातील कागदावर एखाद्या बालसंगोपन संस्थेचा पत्ता असतो. रिक्षावाला तो कागद घेतो, वाचतो आणि पुढचा प्रश्न थेट मुलालाच मराठीत विचारतो. मूल गोंधळून आईकडे पाहते. आपल्यासारख्याच चेहऱ्यांच्या गर्दीत आपल्याला एक अक्षर कळत नाही, हा अनुभव त्या मुलाला जन्मभूमीत पाऊल ठेवल्यापासून पहिल्या तासातच येतो.

गेल्या जुलैत आलेले एक कुटुंब स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्गचे. वडील शाळेत शिक्षक, आई परिचारिका. थोरली मुलगी पंधरा वर्षांची, धाकटा मुलगा बारांचा. दोघेही पुण्यातील एकाच संस्थेतून, पण वेगवेगळ्या वर्षी दत्तक गेलेले; रक्ताने भाऊबहीण नव्हेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वीडनमधील कुटुंबांनी परदेशांतून सुमारे साठ हजार मुले दत्तक घेतली आणि त्यांत भारतातील मुलांची संख्या मोठी आहे. मुले जाणती झाली की त्यांना जन्मदेश दाखवून आणायचा, हा तेथील कुटुंबांचा आता जवळजवळ रिवाज झाला आहे. त्यासाठी आईवडील वर्षानुवर्षे पैसे बाजूला काढतात. गोथेनबर्गमध्ये जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. या मुलांना पुण्यात पावणेआठला काळोख पडलेला पाहून पहिल्या दिवशी घड्याळ बिघडल्यासारखे वाटले. मुंबईचा विमानतळ, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याच्या घाटातील धबधबे यांविषयी त्यांनी घरी काय लिहिले असेल ते असो. प्रवासाचा खरा आरंभ झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, संस्थेच्या दारात.

दारालगत भिंतीत एक कोनाडा असून त्यात पाळणा आहे. वर घंटेची कळ. कोणी रात्री अपरात्री बाळ आणून ठेवले तर ते रस्त्यावर, कचऱ्याजवळ किंवा कुत्र्यांच्या तावडीत पडू नये, यासाठी अनेक संस्थांनी अशी सोय केलेली असते. ठेवणाऱ्याला कोणी हाक मारीत नाही. मुलगी त्या पाळण्यापुढे बराच वेळ उभी राहिली. ती स्वतः मात्र त्या पाळण्यातून आलेली नव्हती, हे तिला तासाभराने कळायचे होते.

आत गेल्यावर धाकट्याची वेगळीच गंमत झाली. तो संस्थेतून गेला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि चांगले मराठी बोलत असे. स्वीडनमध्ये सहा महिन्यांत ते पुसले गेले. एकच शब्द उरला होता. अंगणातल्या दोरीच्या पाळण्याला तो 'झोका' म्हणे. आईवडिलांना वाटले, मुलाने स्वतःच बनवलेला हा शब्द. तो इतका गोड की सारे घर तोच वापरू लागले. शेजारची स्वीडिश मुलेही 'झोका' म्हणू लागली. संस्थेच्या मागच्या आवारात एका वयस्क मावशींनी मुलाला हाताला धरून नेले आणि चिंचेच्या फांदीला टांगलेल्या दोराकडे बोट करून म्हटले, "झोका आठवतो का रे?" मुलगा थबकला. नंतर त्याची आई कितीतरी वेळ वडिलांना तोच शब्द पुन्हा पुन्हा ऐकवीत होती. आठ वर्षांहून अधिक काळ आपल्या घरात एक मराठी शब्द नांदत होता आणि आपल्याला ठाऊकच नव्हते!

अशा भेटीत संस्थेच्या कार्यालयात बसून फाइल उघडण्याचा प्रसंग सर्वांत अवघड. त्याचे नियम ठरलेले आहेत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, नियमांनुसार अठरा वर्षांखालील मुलाला आपल्या मुळाचा शोध घ्यायचा असेल तर त्याने दत्तक पालकांसह अर्ज करावा लागतो. त्रयस्थाला तसा शोध घेता येत नाही. जन्मदात्रीने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल तर तिच्या संमतीविना ते सांगितले जात नाही. मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय बदलण्यासाठी साठ दिवसांची मुदत असते. या साऱ्या तरतुदींमागे मोठा इतिहास आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि 1984 साली न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निवाड्यातून आजच्या नियमांचा पाया घातला गेला. मूल आधी भारतीय कुटुंबाला देण्याचा प्रयत्न व्हावा, तसे कुटुंब न मिळाल्यासच परदेशाचा विचार व्हावा, हे तत्त्व तेव्हापासूनचे. तिकडे स्वीडनमध्येही जुन्या व्यवहारांची चौकशी झाली आणि 2025 साली सरकारने नेमलेल्या आयोगाने परदेशांतून दत्तक घेणे थांबवावे अशी शिफारस केली. त्यामुळे या आईवडिलांच्या मनावर प्रवासभर एक सावट होते. आपल्या मुलांच्या कागदांत काही खोटे तर निघणार नाही ना?

खोटे काही निघाले नाही. मुलीच्या फाइलमध्ये तिच्या जन्मदात्रीचे पत्र होते. नावाच्या जागी कागदाची पट्टी लावून झाकलेले. अधीक्षिकाबाईंनी सांगण्याजोगे तेवढे सांगितले. जन्मदात्री एकोणीस वर्षांची होती, दुसऱ्या जिल्ह्यातून आली होती. प्रसूतीनंतर नऊ दिवस राहिली आणि त्या नऊ दिवसांत बाळाला तिनेच अंगावर पाजले. नाव प्रकट करू नये अशी तिची लेखी विनंती होती. एवढ्यावर फाइल मिटायची. पण बाईंनी एक पान पुढे उलटले. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी संस्थेत दूरध्वनी आला होता. पलीकडच्या स्त्रीने बाळाचे वजन विचारले. परिचारिकेने सांगितले, तीन किलो दोनशे ग्रॅम. दूरध्वनी बंद झाला. नोंद एवढीच, निळ्या शाईत, दोन ओळींची.

मुलीने लेखणी मागून घेतली आणि तो आकडा तळहातावर लिहिला. कोणी काही बोलले नाही. तिच्या स्वीडिश आईने खुर्ची थोडी जवळ ओढली, इतकेच.

मुलाच्या फाइलमध्ये पत्रही नव्हते. दोन वर्षांचा, एक पाऊल जन्मतः आत वळलेले, आषाढी एकादशीनंतर परतणाऱ्या वारकऱ्यांच्या गर्दीत दौंड स्थानकावर लोहमार्ग पोलिसांना सापडलेला. त्याच्यासाठी वृत्तपत्रात दिलेल्या निवेदनाचे पिवळे पडलेले कात्रण जपून ठेवले होते. डोके तासलेले, डोळे विस्फारलेले असे छायाचित्र, आणि खाली कोणाचा हक्क असल्यास संपर्क साधावा, अशा अर्थाचा मजकूर. कोणीही आले नाही. पुढे बालकल्याण समितीने त्याला दत्तकासाठी मुक्त ठरविले. पायाला प्लास्टर चढवण्याचे उपचार पुण्यातच सुरू झाले. भारतीय कुटुंबांना त्याची माहिती पाठवली गेली. पायाकडे पाहून प्रत्येकाने पुढचे मूल मागितले. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि आज तो शाळेच्या संघात फुटबॉल खेळतो.

या मुलाची फाइल एक प्रश्न अनुत्तरित ठेवते. तो सोडला गेला, की हरवला? सोडला असेल तर मुलाला एक दुःख आहे. हरवला असेल, तर कुठेतरी एक माय अजून प्रत्येक आषाढीला दौंडच्या फलाटावर नजर टाकत असेल, आणि ते दुःख मुलाचे एकट्याचे राहत नाही. त्याच्या वडिलांनी ही दुसरी शक्यता पहिल्यांदा ऐकली ती त्याच दिवशी. ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि पाऊस पाहत उभे राहिले.

संस्थेतून निघताना एक लहानसा प्रसंग घडला; आपल्या वाचकांनी तो ऐकण्यासारखा आहे. एका व्यापारी कुटुंबाने आजोबांच्या पुण्यतिथीनिमित्त त्या दिवशी मुलांना भोजन दिले होते आणि मुलांना ओळीत बसवून छायाचित्र काढायचे चालले होते. स्वीडिश मुलीने दुभाष्याकरवी हळूच विचारले, या मुलांना विचारले आहे का? कार्यकर्त्याला उत्तर सुचेना. अन्नदान आपल्या समाजाची फार जुनी आणि फार चांगली सवय आहे, तिच्याविषयी शंका नाही. पण त्या ओळीतील एखादे मूल पंधरा वर्षांनी तेच छायाचित्र कोणाच्या तरी दुकानाच्या भिंतीवर पाहील, हा विचार भोजन देणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. त्या कुटुंबाचा मोठेपणा असा की, यजमानांनी कॅमेरा खिशात घातला आणि या चौघा पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी गंज पेठेतील फुले वाडा पाहिला. दत्तक मुलांनी पाहावे असे पुण्यात याहून महत्त्वाचे ठिकाण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे अगर ठेवून जावे, आणि कोणी नाव विचारू नये, अशी ती व्यवस्था होती. कोनाड्यातला पाळणा आणि फाइलमधली कागदाची पट्टी, दोन्हींचे मूळ त्या व्यवस्थेत आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. तेथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला आणि 1874 साली फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. तोच यशवंत. पुढच्याच वर्षी पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांच्या प्रयत्नाने असेच गृह सुरू झाले. वारीच्या गावातही टाकलेल्या बाळांचा प्रश्न होताच. जोतीरावांनी 1887 साली मृत्युपत्र नोंदवून यशवंतास वारस केले. तरीही 1890 साली त्यांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी दत्तकपुत्राच्या हक्कावर वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. यशवंत डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात मायलेकांनी रुग्णांची सेवा केली. त्यातच सावित्रीबाई गेल्या. ही हकीकत ऐकून धाकट्याने विचारले, "त्याला ठाऊक होते का, की तो दत्तक आहे?" होय, साऱ्या पुण्याला ठाऊक होते.

आणि येथे आपल्या घरांचा विषय निघतो. व्यापारी जैन कुटुंबांना दत्तक नवे नाही. पेढीला वारस हवा म्हणून भावाचा, चुलतभावाचा किंवा भाचीचा मुलगा घेतला जाई, दत्तकपत्र लिहिले जाई, समाजाला जेवण घातले जाई. इंग्रजी काळातील न्यायालयांनीही मान्य केले होते की जैनांमध्ये दत्तक हा पिंडदानासाठी करावयाचा धार्मिक विधी नसून लौकिक व्यवहार आहे, आणि जैन विधवेला पतीच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येतो. 1956 च्या कायद्याने हिंदू, बौद्ध, शीख यांच्यासह जैनही एका सूत्रात आले. संस्थेतील मुलांसाठी आता 2015 चा बालन्याय कायदा लागू होतो आणि सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. म्हणजे कायद्याची वाट सरळ आहे. आजोबांच्या पिढीत दत्तक उघड होता. मग आताच तो लपवण्याची वेळ का आली? कारण तेव्हा मूल ओळखीच्या घरातून येई, आता ते कोनाड्यातून येते. कुळ अज्ञात झाले आणि आपण पडदा ओढला. सून काही महिने दुसऱ्या शहरात राहते, परत येताना कडेवर बाळ असते, आणि घरात कोणी काही बोलायचे नाही असे ठरते. जन्मदाखल्यावर दत्तक पालकांचीच नावे येतात, त्यामुळे कागदही मौन पाळतो. हे मौन सुटते ते बहुधा दोन प्रसंगी: मुलीचे लग्न ठरताना, किंवा मालमत्तेची वाटणी होताना. दोन्ही वेळा ते परक्याच्या तोंडून सुटते आणि शिवीसारखे अंगावर पडते. 2024-25 या वर्षात देशात 4,515 मुले दत्तक गेली. त्यांपैकी 4,155 भारतीय कुटुंबांतच. म्हणजे गोथेनबर्गला जाणारी मुले थोडी, आपल्या गल्लीत वाढणारी पुष्कळ. गोथेनबर्गचे मूल सहा हजार किलोमीटर ओलांडून आपली फाइल पाहायला येते. गुलटेकडीचे मूल त्याच फाइलपासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहते आणि अशी काही फाइल आहे हेच त्याला माहीत नसते.

गुलटेकडीच्या त्या यजमानांकडे जेवण दुपारीच उरकायचे होते. घर ओसवाल स्थानकवासी, सूनबाई मात्र सांगलीकडच्या दिगंबर घरातील. चातुर्मास नुकताच सुरू झालेला. ताटात पालेभाजी नव्हती, कांदाबटाटा तर नव्हताच. घट्ट वरण, दाल बाटीचा एक घाणा, गट्ट्यांची भाजी आणि केळ्याची कोशिंबीर. बटाट्यावाचून जेवण होते हे पाहून स्वीडिश पाहुणे चकित झाले, कारण त्यांच्याकडे बटाट्यावाचून दिवस जात नाही. घरातील आजी ऐंशीच्या घरातल्या. महाविद्यालयात शिकणारी नात दोन्हीकडचे बोलणे पोहोचवत होती. मुलीच्या तळहातावरील आकडा अर्धा पुसला होता. आजींनी तो पाहिला आणि काय आहे ते विचारले. मुलीने सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या.

"देवानंदा ब्राह्मणीची गोष्ट हिला सांग," त्या नातीला म्हणाल्या. आणि नातीला ती नीट येईना म्हणून स्वतःच सांगू लागल्या.

श्वेतांबर आगमांनुसार भगवान महावीरांचा जीव प्रथम देवानंदा ब्राह्मणीच्या उदरात आला. ब्याऐंशी दिवस लोटल्यावर इंद्राच्या आज्ञेने हरिणैगमेषी देवाने तो गर्भ त्रिशला राणीच्या उदरात नेऊन ठेवला. "आमच्याकडे हे मानत नाहीत," असे सूनबाई हसत म्हणाल्या. आजी म्हणाल्या, "तुमचं तुम्हाला बरोबर. मी आमचं सांगते." पुढे भगवान केवलज्ञानी झाल्यावर ब्राह्मणकुंडग्रामी आले, तेव्हा ऋषभदत्त आणि देवानंदा दर्शनास गेली. भगवानांना पाहताच देवानंदेचे डोळे भरून आले आणि वार्धक्यातही तिला पान्हा फुटला. गौतम स्वामींनी चकित होऊन कारण विचारले. भगवानांनी भर सभेत सांगितले की देवानंदा ही माझी माता आहे, मी तिचा पुत्र आहे. भगवतीसूत्रात हा प्रसंग आहे. पुढे त्या दोघांनीही भगवानांपाशी दीक्षा घेतली.

नातीने भाषांतर संपवल्यावर मुलीने विचारले, "तिने त्यांना ओळखले होते का?"

"तिला कुठलं माहीत, पोरी? तिच्या अंगाला माहीत होतं."

मग मुलीने, आईकडे न पाहता, दुसरा प्रश्न विचारला. वाढवणाऱ्या आईला वाईट नाही वाटले?

आजींना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी सांगितले की तोपर्यंत त्रिशलामाता राहिल्या नव्हत्या. पण त्यांना दुःख होऊ नये याची काळजी भगवानांनी फार आधीच घेतली होती. आईला त्रास नको म्हणून गर्भात ते हालचाल न करता स्थिर राहिले. त्रिशला घाबरली, गर्भाला काही झाले की काय म्हणून रडू लागली. तेव्हा त्यांनी हालचाल केली आणि तेथेच निश्चय केला की आईवडील असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही. तो त्यांनी पाळला. "जिनं वाढवलं तिला रडू दिलं नाही, आणि जिच्या पोटी आले तिला नाकारलं नाही," असे म्हणून आजींनी मुलीच्या ताटात आणखी एक बाटी ठेवली आणि तिच्यावर तूप सोडले. स्वीडिश आई ताटाकडे पाहत होती. तिचे जेवण थांबले होते. आजींनी नातीला खुणेनेच सांगितले, तिलाही वाढ.

जेवणानंतर एक गोष्ट घडली आणि ती यजमानांच्या घरातही नवी होती. निरोप देताना यजमानांचा धाकटा भाऊ आणि त्यांची पत्नी पाहुण्यांसोबत रस्त्यापर्यंत चालत गेले. त्यांची मुलगी सहा वर्षांची. गाडीच्या दाराशी त्या बाईंनी स्वीडिश आईला अगदी हलक्या आवाजात इंग्रजीत विचारले, "तुम्ही मुलांना किती वर्षांची असताना सांगितलंत?" उत्तर आले, असा एक दिवस नव्हताच, पाळण्यात असल्यापासून रोज थोडे थोडे सांगत होतो. बाईंनी मान हलवली. मागे व्हरांड्यात आजी उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेले नसेल कदाचित; किंवा देवानंदेची गोष्ट त्यांनी केवळ पाहुण्यांसाठी सांगितली नसेल.

शेवटच्या दिवशी दौंड. पुण्याहून सकाळची लोकल लोणी, उरुळी, यवत, केडगाव करीत सव्वा-दीड तासात तेथे पोहोचते. हडपसर सोडले की घाटमाथ्याचा पाऊस मागे राहतो. ढग असतात, पण कोरडे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच माळ. दौंड हे भीमेकाठचे रेल्वेगाव. सोलापूरची वाट आणि मनमाडची वाट येथे फुटते. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी येथे तोंड फिरवते. पुढचे इंजिन काढून मागे जोडावे लागते आणि झोपेतून उठलेल्या प्रवाशाला गाडी परत पुण्याला निघाल्यासारखी वाटते. आता बगलमार्ग झाल्याने कित्येक गाड्या जंक्शनात शिरतच नाहीत. मुलाच्या नशिबाने त्या सकाळी एका गाडीचे इंजिन सुटत होते. तो सारे विसरून ते पाहत राहिला. आईवडिलांनी त्याला घाई केली नाही.

लोहमार्ग पोलिसांच्या चौकीत एक हवालदार भेटले. त्यांची बदली दोनच वर्षांपूर्वी झाली होती. दहा वर्षांपूर्वीचे त्यांना सांगता येण्याजोगे काही नव्हते. त्यांनी चहा मागवला. वारीच्या दिवसांत मुले हरवतात, उद्घोषणा होते आणि बहुतेकांना रात्रीपर्यंत घरचे माणूस न्यायला येते, असे ते म्हणाले. भिंतीवर 1098 या बालमदत क्रमांकाचा फलक होता. मुलाने विचारले, तेव्हा हा क्रमांक होता का? होता. मुलाने मान डोलावली. त्याने त्यातून काय घेतले, कोण जाणे.

अहवालात लिहिले होते, फलाट क्रमांक दोन, पाण्याच्या नळाजवळ. तेथे आता नव्या टाकीला चकचकीत नळ बसवले आहेत, पण जागा तीच असल्याचे हमालाने सांगितले. मुलाने खिशातून कात्रणाची छायाप्रत काढली आणि जवळच्या चहावाल्यापुढे धरली. त्याला ते स्वीडिश भाषांतरात पाठ होते. मराठीत कसे ऐकू येते ते त्याने कधी ऐकले नव्हते. चहावाल्याने चष्मा लावला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करीत वाचले. वय अंदाजे दोन वर्षे. वर्ण सावळा. अंगात पिवळा सदरा. डाव्या पायाचे पाऊल आत वळलेले. वाचून झाल्यावर त्याने कागदाकडे, मग मुलाच्या पायांकडे, मग चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "अरे, हा तर तूच की!" दुभाष्याने हे सांगण्याआधीच मुलाला ते कळले असावे, तो हसला.

वडिलांनी छायाचित्र काढायला हात उचलला, तर मुलाने नको म्हटले. मग तो नळाशी गेला. इतके दिवस आईने त्याला नळाच्या पाण्याला हात लावू दिला नव्हता. आता ती काही बोलली नाही. त्याने ओंजळ भरून तोंड धुतले, ओल्या हातांनी केस मागे सारले आणि बूट काढून दोन्ही पाय धारेखाली धरले. डाव्या घोट्यावर शस्त्रक्रियेचा पांढरा वण आहे. पाय पुसायला बहिणीने आपली ओढणी दिली. ती आदल्या दिवशी आजींनी दिलेली होती.

परतीची लोकल बाराच्या सुमारास लागली. डबा जवळजवळ रिकामा होता, तरीही खिडकीच्या एकाच जागेवरून दोघा भावंडांचे पाटसपर्यंत भांडण चालले. समोर बसलेल्या एका वृद्ध वारकऱ्याने आईकडे पाहून विचारले, "पाठची भावंडं का?" आईला प्रश्न कळला नाही, पण काय उत्तर द्यायचे ते कळले. ती म्हणाली, "हो."